आधी माळा, मग बाजार

भांड्यांच्या दुकानात जुनं पितळ नेलं की दुकानदार ते काट्यावर टाकतो, मोडीचा भाव लावतो आणि बदल्यात स्टीलचा डबा हातात ठेवतो. घागर कुणाच्या लग्नातली, तिचा काठ कुणी ठोकून बसवला, याचे पैसे तो देत नाही आणि आपणही मागत नाही. गेल्या दोन-तीन पिढ्यांत कितीतरी घंगाळं, तपेली, समया आणि पाणी तापवायचे बंब असेच भट्टीत गेले. आणि आता आपणच मॉलमध्ये जाऊन ‘व्हिंटेज’ म्हणून मुद्दाम काळवंडवलेली नवी घागर दामदुप्पट मोजून घरी आणतो.

म्हणून जुन्या वस्तूंची हौस असेल तर पहिला सल्ला असा, की बाजारात जाण्याआधी माळ्यावर चढा. स्वतःच्या, नसेल तर गावाकडच्या, तोही नसेल तर मामाच्या किंवा आत्याच्या. घरं आवरायला निघाली, वाडा पुनर्विकासाला गेला, की नातलगांत पहिला प्रश्न असतो तो हे सगळं कोण नेणार. आपण पुढं होऊन चार वस्तू मागून घेतल्या तर बहुधा कुणी नाही म्हणत नाही, उलट सुटलो म्हणतात. मागताना एक पथ्य पाळायचं. वस्तूबरोबर तिची हकिगतही मागून घ्यायची. कुणाची, कुठून आली, कशाला वापरत. हे कागदावर लिहून तो कागद वस्तूच्या फोटोबरोबर ठेवायचा, कारण सांगणारं माणूस वस्तूइतकं टिकत नाही.

भांडं हातात आलं की आधी ते वाचायचं. हो, वाचायचंच. काठाच्या खाली किंवा कानाशेजारी बारीक टिंबांनी ठोकून काढलेली अक्षरं असतात. देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, गाव, कधी ‘स्मरणार्थ’, कधी नुसतं आडनावाचं आद्याक्षर. लग्नामुंजीत शेजारपाजारची भांडी एकत्र यायची आणि आपलं पातेलं ओळखून परत आणायला नाव लागायचं, ही त्यातली व्यवहाराची बाजू. पण आज ते नाव म्हणजे त्या भांड्याचा जन्मदाखला आहे. तारीख शकात असेल तर तिच्यात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो (जानेवारी ते फाल्गुनअखेर ७९). शके १८५० म्हणजे १९२८-२९. संवत असेल तर साधारण ५७ वजा करायचे. अक्षरं पुसट झाली असतील तर घासू नका. टॉर्चचा उजेड बाजूनं, आडवा पाडा, टिंबांच्या खळग्यांत सावली पडते आणि नाव उमटून येतं.

परदेशी बनावटीच्या वस्तूंवरचे शिक्केही असेच बोलतात. ब्रिटनमध्ये १८८७ च्या कायद्यानं बाहेरच्या मालावर तो कुठला आहे हे छापणं भाग पडलं आणि ‘मेड इन जर्मनी’ ही अक्षरं जगभर पोचली. ‘वेस्ट जर्मनी’ असेल तर वस्तू १९४९ ते १९९० या काळातली. कपबशीखाली ‘ऑक्युपाइड जपान’ लिहिलेलं असेल तर ती दुसऱ्या महायुद्धानंतरची, १९५२ च्या आतली.

माळ्यावरचं सगळं मात्र खाली आणायचं नाही. माझा निकष एकच, आणि तो जरा कडक आहे. जी वस्तू आठवड्यातून निदान एकदा कामाला येईल तीच घरात ठेवायची. काम नेहमी मूळचंच हवं असं नाही. घंगाळात आता कुणी आंघोळीचं पाणी काढणार नाही, पण धुतलेले कपडे इस्त्रीपर्यंत त्यात मजेत राहतात. मिसळणाच्या डब्याला हल्ली कोरड्या मसाल्यांबरोबर शिवणाचे दोरे, बटणंही चालतात. पाट तर निवृत्त होतच नाही; बसायला, कुंडीखाली, पुस्तकांच्या चळतीखाली, कुठंही. उलट काचेच्या कपाटात ठेवलेला अडकित्ता पाहुण्यांना एकदा दाखवून झाला की संपला. वापरातल्या वस्तूला रोज हात लागतो, तिची धार, तिचा तोल, तिचं वजन कळत जातं, आणि जुन्याची खरी मजा मला तरी तिथंच वाटते.

आता साफसफाई, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथं होतं. स्वयंपाकघरातली तांब्या-पितळेची भांडी पिढ्यान्‌पिढ्या चिंच, मीठ, लिंबू आणि राखेनं घासली गेली आहेत, त्यांना घासायला हरकत नाही. फक्त चिंच-मिठाचा हात फिरवल्यावर भांडं भरपूर पाण्यानं धुऊन लगेच कोरडं पुसायचं. सांध्यांत, कड्यांच्या मुळाशी मीठ राहिलं की दमट हवेत तिथंच हिरवे डाग फुटतात. कोकणात आणि मुंबईत तर चार दिवसांत. देवाच्या मूर्ती, नक्षीच्या समया, नाव कोरलेली भांडी यांच्यावर मात्र खरखरीत घासणी चालवू नका. पितांबर झळकतं, पण देवाचं नाक सपाट होतं. अशा वस्तूंना कोमट पाणी, सौम्य साबण आणि जुना मऊ ब्रश पुरे. खळग्यांतला काळपटपणा राहू दे, त्यामुळंच नक्षी दिसते.

पितळेच्या भांड्यात शिजवायचं असेल तर कल्हईला पर्याय नाही. ताक, चिंच, टोमॅटो, कोकम, जे जे आंबट ते तांब्या-पितळेशी झगडतं, पदार्थ कळकतो आणि पोटाला बाधतो. कल्हईवाले आता गल्लीत ओरडत फिरत नाहीत, पण मोठ्या गावांतल्या भांडे आळीत चौकशी केली की पत्ता लागतो. पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत हातानं ठोकून मठारकाम करणारे कारागीर अजून आहेत. तिकडंही विचारता येईल. भांडं टाकून निघून येऊ नका, उभं राहून बघा. कारागीर कोळशाच्या भट्टीवर भांडं फिरवत तापवतो. नेमकं तापलं की आत नवसागराची चिमूट टाकतो, भसकन पांढरा धूर उठतो आणि पितळेवरचा मळ त्याच्याबरोबर निघून जातो. मग कथलाची कांडी एकदाच टेकवतो. कथील २३२ अंशांवर वितळतं, म्हणजे त्या तापल्या भांड्यात ते लोण्यासारखं पसरतं, आणि कापसाच्या बोळ्याच्या एका फेऱ्यात अख्खं पातेलं आतून चांदीसारखं होतं. शेवटी पाण्यात चर्र. हे सगळं इतक्या झटपट होतं की मोबाईल काढेपर्यंत संपतं. कल्हई शुद्ध कथलाचीच हवी हे आधी बजावा, स्वस्तात शिसं मिसळलेलं नको. आणि घरी आल्यावर त्यात लोखंडी उलथनं व तारेची घासणी बंद. रिकामं भांडं गॅसवर ठेवून विसरलात तर कल्हई तिथंच वितळेल.

काशाचं सांगायचं तर ते तांबं आणि कथील यांचं मिश्रण; साधारण ७८ भाग तांबं, २२ भाग कथील. बोटानं टिचकी मारली की लांबवर घुमतं. दिसायला दणकट, पण पडलं तर पितळेसारखं पोचत नाही, तडकतं. वाटीला बारीक चीर असेल तर आवाज बसका येतो. तशी वाटी जेवणाला न घेता तळपाय घासायला ठेवा, ते तिचं जुनंच काम आहे.

घरचं संपलं की मग बाजार. पुण्यात मंगळवार पेठेजवळचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मुंबईत भेंडी बाजारालगत चोर बाजार, त्यातली मटण स्ट्रीट जुन्या वस्तूंची. शुक्रवारी तिथली बरीच दुकानं बंद असतात, पण त्याच दिवशी पहाटे रस्त्यावर पथाऱ्या लागतात. जुन्या लाकडी सामानासाठी जोगेश्वरी-ओशिवऱ्याकडं जायचं. जाताना खिशात लोहचुंबक, टॉर्च, मोजपट्टी आणि पिशवीत पाण्याची बाटली. पितळेला चुंबक चिकटत नाही. चिकटला तर आत लोखंड आहे आणि वर नुसता मुलामा. बाटली भांड्यात ओतून बघायला. विक्रेता जरा वैतागेल, वैतागू दे. झाळलेली जागा दिसली तर ते भांडं शोभेला किंवा झाडांना चालेल, अन्नाला नको, कारण जुन्या झाळणात शिसं असायचं. जुन्या हंड्या-घागरींत दोन पत्रे एकमेकांत अडकवलेला दातेरी जोड दिसतो, बोटांनी जाणवतो. एकसंध, गुळगुळीत, आतून-बाहेरून सारखाच काळा असा माल असेल तर तो कालचा आहे.

नकलांत सर्वांत मोठा मान ग्रामोफोनचा. झळझळीत पितळी कर्णा, अष्टकोनी पेटी आणि पुढं कुत्र्याचं चित्र असलेला ग्रामोफोन दिसला की तो अलीकडं जुळवलेला आहे असंच धरून चाला. जुन्या पेटी-ग्रामोफोनचे भाग नव्या खोक्यात घालून असे हजारो तयार होतात. गाणं वाजतं, घासत घासत वाजतं, आणि तुमची तबकडी खातं. दुर्बिणी, होकायंत्रं, जहाजावरची घड्याळं यांचंही तेच; त्यावर जितकं जुनं साल कोरलेलं तितकी वस्तू नवी. राजा रविवर्म्याच्या छापील चित्रांची गोष्ट थोडी वेगळी. त्याचा छापखाना मुंबईत १८९४ मध्ये निघाला, पुढं मळवलीला गेला, आणि तिथली शिळाप्रेसवरची चित्रं घरोघरच्या देवघरांत पोचली. खरी आणि आजची यांतला फरक भिंगातून दिसतो. शिळाछापात ठिपके लहानमोठे, हातानं टाकलेले, वेडेवाकडे असतात. आजच्या छपाईत एकसारख्या ठिपक्यांची जाळी असते. नक्कल आवडली तर जरूर घ्या, भाव मात्र नकलेचा द्या.

नजर तयार करायची स्वस्त शाळा म्हणजे पुण्यातलं राजा दिनकर केळकर संग्रहालय. ‘अज्ञातवासी’ नावानं कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, दौती, खेळणी, दरवाजे, वाद्यं असं रोजच्या वापरातलं सामान गोळा केलं, लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावानं त्याचं संग्रहालय उभारलं आणि १९७५ मध्ये तो सगळा संग्रह महाराष्ट्र सरकारला देऊन टाकला. लोक ज्याला अडगळ म्हणत होते ते हा माणूस जमवत होता. तिथं एका फेरीत सगळं पाहायला जाऊ नका. फक्त अडकित्ते बघा. बिजागरी कुठं बसवलीय, पात्याचा कोन, मूठ धरणाऱ्याच्या बोटांसाठी कुठं खोलगट केलीय. पुढच्या रविवारी जुन्या बाजारात हात आपोआप बऱ्या वस्तूकडं जातो.

लाकडी वस्तू घेताना देखणेपणाआधी कीड बघायची. छिद्रं असणं म्हणजे कीड असणं नव्हे, ती कधीच निघून गेलेली असू शकते. घरी आणल्यावर वस्तू इतर फर्निचरपासून दूर ठेवा, खाली काळा कागद अंथरा आणि आठवडाभर बघा. कागदावर ताजा, पिठासारखा भुसा पडला तर कीड जिवंत आहे. मग औषध टोचून घेतल्याशिवाय ती वस्तू आत नको. जुन्या सागाच्या गाभ्याला कीड सहसा तोंड लावत नाही, कडेचं पांढुरकं लाकूड तेवढं खाते. सुताराला वस्तू दाखवली की तो लगेच पॉलिश पेपर काढतो. त्याला थांबवा. शंभर वर्षांचा रंग तो पंधरा मिनिटांत उतरवेल आणि वर चकचकीत मेलामाइन मारून देईल. आधी ओलसर फडक्यानं मळ काढा, वाळू द्या, मग जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन निम्मंनिम्मं करून पातळ हात द्या. बहुतेक वेळा एवढंच लागतं. त्या तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका मात्र. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं, आणि असा बोळा आपोआप पेटू शकतो. चिंध्या पसरून वाळवा नाहीतर पाण्यात बुडवा.

जुने विजेचे दिवे आणि पंखे घ्या, पण आतली वायर, होल्डर, सगळं नवं घालूनच लावा. कापडी वेष्टणाची वायर शोभिवंत दिसते, तेवढंच.

लंबकाचं घड्याळ मिळालं तर भाग्यवान आहात. ते भिंतीवर अगदी ओळंब्यात लागत नाही तोवर चालत नाही, आणि ‘बंद पडलंय’ म्हणून विकलेली कितीतरी घड्याळं नुसती तिरकी टांगलेली असतात. कान लावा. टक… टकटक… टक असं लंगडत असेल तर पेटी खालून केसभर डावीउजवीकडं सरकवा. दोन्ही ठोक्यांतलं अंतर सारखं झालं की जागेवर खूण करा. मागं पडत असेल तर लंबकाच्या तबकडीखालची चाकी फिरवून तबकडी किंचित वर घ्या, पुढं धावत असेल तर खाली. काटे उलटे फिरवू नका, ठोक्यांचा हिशेब बिघडतो. आणि खोबरेल तेल कधीच घालू नका. थंडीत ते गोठतं आणि घड्याळ संक्रांतीपर्यंत सुट्टीवर जातं.

बागेत आणि बाल्कनीत दगडी सामानाला तोड नाही. उखळ, पाटा, ढोणी, रगडा हे सगळं आपल्या काळ्या दगडाचं, उन्हापावसाला न जुमानणारं. जात्याचे दगड बागेत पायवाटेला टाकायची फॅशन आली आहे. मला ती रुचत नाही. ज्या जात्याची हळद-कुंकू लावून लग्नात पूजा होते त्यावर चपला घालून चालायचं हे जमत नाही, आणि पावसाळ्यात ते शेवाळून घसरतंही. त्यापेक्षा वरचा दगड पालथा घालून कुंडीखाली बैठक करा. जातं वापरायचंच असेल तर पाथरवटाकडून टाकी लावून घ्या आणि पहिली एक-दोन दळणं फेकून द्या, त्यांत दगडाची कच येते.

उथळ ढोणी पक्ष्यांच्या पाण्यासाठी उत्तम. पाणी दोन-तीन इंचांहून खोल नको, एका बाजूला दगड ठेवा म्हणजे चिमण्यांना उतरता येतं. डेंग्यूचा डास अंड्यापासून आठ-दहा दिवसांत उडू लागतो आणि अंडी भांड्याच्या कडेला चिकटवतो, म्हणून आठवड्यातून एकदा पाणी नुसतं बदलून भागत नाही, आतल्या भिंती खराट्यानं घासायच्या.

तांब्याच्या घंगाळात कमळ लावून गप्पी मासे सोडायचा मोह बऱ्याच जणांना होतो. तांब्याचा अंश पाण्यात उतरतो आणि माशांना तो सोसत नाही. आत मातीचा किंवा प्लास्टिकचा टब बसवा, मासे त्यात राहू द्या, घंगाळ बाहेरून मिरवू द्या. झाडंही पितळेच्या भांड्यात थेट लावू नका. खाली भोक पाडायला गेलात तर भांडं जातं, न पाडावं तर मुळं कुजतात. साधी मातीची कुंडी आत ठेवायची, तळाशी चार खडे टाकायचे, झालं. जस्ती बादल्या आणि पत्र्याचे डबे मात्र खुशाल भोक पाडून वापरा, त्यांचं आयुष्य तसंही गंजण्यातच जाणार आहे. लोणच्याच्या चिनी मातीच्या बरणीला टिचकी मारून पाहा. खणखणीत वाजली आणि आतला लुकण अभंग असला तर परत लोणचं घाला, लुकणाला जाळीदार तडे गेले असतील तर छत्र्या नाहीतर कोरडी फुलं.

एका गोष्टीला मात्र बागेत अजिबात जागा देऊ नका. वीरगळ, सतीशिळा, देवळाचा कोरीव तुकडा, ओढ्याकाठची झिजलेली मूर्ती. फार्महाऊसच्या हिरवळीवर वीरगळ रोवलेला दिसला की मला तिथला चहा गोड लागत नाही, कारण तो कुठल्यातरी गावाच्या वेशीवरून उचललेला असतो. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या कलाकुसरीच्या वस्तू पुरावस्तू ठरतात, मूर्ती-शिल्पांसारख्यांची नोंदणी करावी लागते आणि विक्रीला परवाना लागतो. हस्तिदंताची मूठ, हस्तिदंताची जडणघडण असलं काही कुणी ‘आजोबांचं आहे’ म्हणून विकत असेल तरी घेऊ नका; वन्यजीव कायद्यानं त्याची खरेदी-विक्रीच बंद आहे.

मुलं परदेशात असतील तर एक जास्तीची खबरदारी. खाजगी माणसाला पुरावस्तू देशाबाहेर नेता येत नाहीत. पंजीची घागर साठ-सत्तर वर्षांची असेल तर कायद्याची आडकाठी नाही, पण कस्टमच्या अधिकाऱ्याला ते नुसतं बघून कळत नाही. जुनाट दिसणारी वस्तू असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला आधीच काढून ठेवा. विळी आणि अडकित्ता सामानाच्या मोठ्या बॅगेत, कापडात गुंडाळून. हातातल्या बॅगेत ठेवलात तर तपासणीत अडकित्ताच अडकेल.